शकुंतलेची चाल

कारंजा लाडहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानी आहे, म्हणून आम्ही त्याचा गोषवाराच देतो. यजमान शारजाला नोकरीला असतात. तिथला त्यांचा एक सहकारी नोकरी सोडून मायदेशी निघाला तेव्हा घरातले सामान विकत होता. त्यातून त्यांनी तेरा वर्षांच्या मुलासाठी रेल्वेचा एक जुना संच घेतला आणि गावाकडे येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. त्यात एक डिझेल इंजिन, दोन डबे, थोडे रूळ आणि वेग कमीजास्त करायची वीजपेटी होती. इंजिन पहिल्या दिवसापासून झटके देत पळाले. वळणावर रुळावरून उतरू लागले आणि आठवडाभरात जागच्या जागी गुरगुरून थांबायला लागले. घरात सगळ्यांनी धरून चालले की पोराने ते पाडले. पोरगा नाही म्हणतो. दादाजानांनी त्याला चारचौघांत रागावले. तेव्हापासून तो त्या खोक्याला हात लावत नाही, आणि शारजाहून फोन आला की 'गाडी कशी आहे?' या प्रश्नाला बाहेर निघून जातो.

भगिनीने दोन गोष्टी विचारल्या आहेत. हे दुरुस्त होण्यासारखे आहे का? आणि त्याच्या अब्बूंना मी काय सांगू?

या सदरात आजवर आम्ही शिलाई मशीन, मिक्सर, पंखा आणि पाण्याची मोटर यांच्याबद्दल लिहिले. खेळण्याबद्दल प्रथमच लिहितो आहोत. खरे तर याला खेळणे म्हणणे बरोबर नाही. खऱ्या इंजिनाच्या मापाला ८७ ने भागून जे येईल त्या मापाचे हे यंत्र असते. आत मोटर, पितळी फ्लायव्हील, लांब दांडे आणि दातेरी चाके असतात. नवे घ्यायचे तर हजारो रुपये मोजावे लागतात. इतकी किंमत कुणी कष्टाच्या कमाईतून दिलेली असताना ते न तपासता फेकणे ही फिजूलखर्चीच. आमचे अकोल्याला काम होतेच. मग दोन रविवार आम्ही कारंज्याला जाऊन आलो.

कारंज्यात इंजिनाचा विषय काढला की वडीलधारी माणसे एकाच गाडीवर येतात. मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ ही शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा, सुमारे ११३ किलोमीटरचा, यवतमाळला. रूळ फक्त अडीच फूट रुंदीचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. किलिक-निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ही लाइन इंग्रजी अमलात टाकली ती मुख्यतः वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावत होते. १५ एप्रिल १९९४ ला ते उतरवले गेले आणि डिझेल इंजिन जोडले गेले. आता कित्येक वर्षे गाडीच बंद आहे. रुंद रुळांची मागणी मात्र अजून होत असते. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या मुलाने शकुंतला धावताना पाहिलेली नाही. त्याच्या दादाजानांनी मात्र तिच्यातून उभा जन्म ये-जा केली आहे. ते कापसाच्या बाजारात मापारी होते.

आम्ही गेलो तेव्हा दादाजान ओसरीवर बसलेले होते. 'एवढ्या लांबून या डबड्यासाठी आलात?' असे म्हणाले, चहा मागवला, आणि मग आमच्यासमोरच इंजिन सुरू करायला लावले. मुलाने नाइलाजाने रूळ जोडले. पेटीचे बटण अर्ध्यावर नेले तरी इंजिन हलले नाही. आणखी फिरवल्यावर ते एकदम सुटले आणि टेबलाच्या टोकाला जाऊन आपटता आपटता थांबले.

'शकुंतला अशी धावली असती तर आम्ही तिकीट काढेपर्यंत मूर्तिजापूर मागे पडलं असतं!' दादाजान म्हणाले.

ते चिडून म्हणाले, पण तपासणीची कसोटी नेमकी तीच आहे. असे इंजिन घेणारा माणूस आधी ते किती जोरात पळते ते बघतो. जोरात तर दोनशे रुपयांची चावीची गाडीही पळते. चांगले इंजिन ओळखायचे ते किती सावकाश, न अडखळता चालते यावरून. सावकाश चालण्यासाठी त्यातला प्रत्येक भाग ठीक असावा लागतो. वेगात असले की सगळे दोष झाकले जातात.

सावकाश म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे आणि घरी करता येतो. सरळ रुळावर बरोबर एक मीटर अंतराच्या दोन खुणा करा. इंजिनाचे नाक पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. ३१३ या आकड्याला त्या सेकंदांनी भागा. जे उत्तर येईल तो खऱ्या गाडीचा ताशी किलोमीटरमधला वेग. (८७ ला ३.६ ने गुणले की ३१३ येतात, एवढेच त्यात आहे.) मीटरभर अंतर एका सेकंदात तोडले तर वेग ताशी ३१३ किलोमीटर झाला, म्हणजे बुलेट ट्रेन. शकुंतलेची चाल ताशी वीसच्या आसपास. त्यासाठी मीटरभर अंतराला साडेपंधरा सेकंद हवेत. मोबाइलवर पंधरा सेकंद लावून टेबलावर बोट सरकवून पाहा, ही चाल किती मंद असते ते कळेल.

मुलाने वही आणली. पहिले पान आम्ही इंजिनाला हात न लावताच भरून घेतले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण लोक आधी पेचकस घेतात आणि मागाहून विचारतात की फरक पडला का. आधीचे आकडे लिहिलेले नसतील तर फरक कळणार कसा? टेबल समपातळीत आहे का ते अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिले. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारावी लागली. मल्टिमीटरच्या दोन तारा दोन रुळांना लावल्या. इंजिन जागचे हलले तेव्हा रुळांत ४.९ व्होल्ट होते. चांगले इंजिन याच्या निम्म्यात हलायला हवे. सर्वांत सावकाश चाल मीटरला ४ सेकंद, म्हणजे ताशी ७८ किलोमीटर. याहून हळू करू गेले की ते बंदच पडे. पूर्ण १२ व्होल्टवर १.६ सेकंद, म्हणजे ताशी १९५ च्या वर. एका रुळाच्या वाटेत मल्टिमीटर घालून विजेचा ओघ मोजला तर नुसते रिकामे इंजिन अर्ध्या ॲम्पिअरहून जास्त खात होते. एवढ्या लहान मोटरला हे फार झाले. काहीतरी तिला धरून ठेवत होते.

मग नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना तारेचे बारीक कठडे असतात, पुढे-मागे चढायच्या पायऱ्या असतात, टोकांना डबे जोडायचे आकडे असतात. टेबलावरून पडले तर आधी यांचा चुरा होतो. इथे एकही कठडा वाकलेला नव्हता, एकही पायरी तुटलेली नव्हती. आम्ही भिंगातून पाहिले, मग भिंग दादाजानांकडे दिले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता भिंग परत केले.

वरचे कवच निघाले. मधोमध मोटर, तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, तिथून दोन दांडे दोन बोग्यांकडे. प्रत्येक बोगीत तीन ॲक्सल, म्हणजे सहाही जोड चाके चालणारी. रचना चांगली होती. पण बोगीचे खालचे झाकण काढले तर आत पिवळट, मेणासारखे घट्ट झालेले जुने ग्रीस, आणि त्यात गुरफटलेले काळे तंतू. ॲक्सलभोवती तर त्यांचे वेटोळेच झाले होते.

घरातून लगेच आवाज आला : 'बघा, गादीवर चालवली असणार.'

कापसाच्या बाजारात आयुष्य घालवलेला माणूस तिथेच बसला होता हे बरे झाले. दादाजानांनी चिमट्यातून तंतू घेतला, दोन बोटांत चोळला, ताणला. 'हा कापूस नव्हे,' ते म्हणाले. आम्ही तो तंतू घेऊन अंगणात गेलो, स्पिरिटच्या बाटलीपासून लांब, आणि काडी लावली. कापूस जळतो आणि त्याची राख उरते. हा तंतू आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. तो नायलॉनसारखा कृत्रिम धागा होता, गालिच्यात असतो तसा. या घरात गालिचा नाही. सतरंज्या आहेत, त्या सुती. म्हणजे इंजिन कारंज्याला येण्याआधीच कुणाच्या तरी गालिच्यावर धावलेले होते आणि तो गोळा पोटात घेऊनच आले होते.

मुलगा त्या काळ्या मण्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, 'चाचा, हा वहीत चिकटवू?' चिकटवला.

साफसफाईबद्दल आता सविस्तर लिहितो, कारण घरोघरी यातच घोळ होतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. नावात अल्कोहोल असले तरी ते पिण्याचे नव्हे, विषारी आहे. ते फक्त सफाईसाठी असते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ दिवा किंवा शेगडी नसावी, आणि हे काम मोठ्या माणसाने किंवा त्याच्या देखरेखीखाली करावे. जुन्या टूथब्रशने दातेरी चाकांतले ग्रीस काढले. दातांच्या खाचांत सुई न घालता टोकदार केलेली बांबूची काडी घातली, कारण सुईने प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात. बाहेरची चाके स्वच्छ करण्याची युक्ती अशी : रुळांवर सुती कापडाची पट्टी आडवी टाकायची, ती त्या द्रावणाने ओली करायची, इंजिनाची एक बोगी पट्टीवर आणि दुसरी रुळावर ठेवायची, आणि इंजिन हाताने धरून चाके फिरू द्यायची. पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. त्या उमटेनाशा होईपर्यंत पट्टी सरकवत राहायचे, मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. पॉलिशपेपर लावू नये. त्याने चाक चकचकीत दिसते खरे, पण बारीक ओरखड्यांत मळ दुप्पट वेगाने बसतो.

तेलाचे काय? या घरात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी तयार होती, आणि बहुतेक घरांत असतेच. पण काही प्लॅस्टिकना खनिज तेल मानवत नाही. म्हणून ज्यावर प्लॅस्टिकला चालेल असे लिहिलेले असेल तेच हलके तेल घ्यावे. खोबरेल तर नकोच. आपल्याकडच्या थंडीत ते बाटलीत गोठते, तसे ॲक्सलवरही गोठेल. गंज सोडवायचा स्प्रेही नको. आणि प्रमाण : सुईच्या टोकावर मावेल एवढा एक थेंब प्रत्येक बेअरिंगला, दातेरी चाकांना ग्रीसचा नुसता हात. जास्तीचे तेल चाकांवर येते, रुळांवर पसरते आणि पुन्हा मळ धरते. हे इंजिन चाकांतूनच वीज घेते, हे विसरू नये. आतून चाकांना टेकणाऱ्या पितळी पट्ट्या घासून चमकवल्या आणि त्या सगळ्या चाकांना हलक्या टेकतात का ते पाहिले. बारापैकी दोन टेकत नव्हत्या. चिमट्याने जरा वाकवल्या.

वहीचे दुसरे पान. इंजिन हलले ३.४ व्होल्टला. सर्वांत सावकाश चाल मीटरला ११ सेकंद, म्हणजे ताशी साडेअठ्ठावीस. विजेचा ओघ जवळपास निम्मा. घरात आनंद झाला. पोराची धाकटी बहीण सगळ्यांना बोलवायला धावली. पण आता चाल सावकाश झाल्यामुळे आधी गोंगाटात लपलेला एक आवाज उघडा पडला. टक, टक, टक. दर टक बरोबर इंजिन किंचित मान डोलावे.

हा आवाज कुठला, हे ऐकून ठरवता येत नाही. मोजून ठरवता येते. दोन खुणांमध्ये किती वेळा टक वाजते ते मुलाने बोटांवर मोजले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा २७. चाकाचा व्यास ११.७ मिलिमीटर, म्हणजे परीघ ३७ मिलिमीटरच्या जरा आत. एका मीटरला ३७ ने भागले तर २७. चाकाच्या एका फेऱ्याला एक टक. मोटरमध्ये किंवा दांड्यात दोष असता तर ते चाकापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरत असल्यामुळे नुसती घरघर ऐकू आली असती, मोजता आली नसती. म्हणजे दोष कुठल्या तरी एका ॲक्सलवरच. सातवीत शिकलेला परिघाचा हिशेब असा कामी येतो हे पाहून त्या पोराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले.

सहा ॲक्सल, एकेक काढून पाहायचे. प्रत्येक ॲक्सलची रचना अशी असते की दोन चाकांचे दोन अर्धे पोलादी दांडे मधल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकात दोन बाजूंनी दाबून बसवलेले असतात. मधले प्लॅस्टिक विजेलाही अडवते, कारण डावे-उजवे रूळ एकमेकांना जोडले जाऊ नयेत. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवे. पाच ठिकाणी ते ठीक निघाले. मागच्या बोगीतल्या शेवटच्या ॲक्सलवर साडेपंधरा निघाले. वळणावर गाडी का उतरत होती त्याचे उत्तर तिथेच मिळाले. आणि भिंगाखाली त्या दातेरी चाकावर दोन दातांच्या मध्ये केसासारखी चीर. चीर पडल्याने पकड ढिली झालेली, चाके बाहेर सरकलेली, आणि चिरेपाशी दोन दातांतली फट वाढल्यामुळे दर फेऱ्याला तिथे टक.

अशी चीर पडल्याने पडत नाही, म्हणजे आपटल्याने पडत नाही. पोलादी दांडा घट्ट दाबून बसवलेला असल्याने प्लॅस्टिकवर वर्षानुवर्षे ताण असतो. जुने झाले की ते त्या ताणाने उकलते. गाडी खोक्यात नुसती पडून असली तरी उकलते. या प्रकारच्या जुन्या इंजिनांत हा दोष जगभर माहीत आहे. आम्ही हे त्या घरात सगळ्यांसमोर सांगितले, आणि दोनदा सांगितले.

दादाजान उठून आत गेले. आम्हाला वाटले नमाजची वेळ झाली. ते परत आले ते एक लाकडी पेटी घेऊन. तिच्यात पितळी वजने होती, वीस ग्रॅमपासून पुढची, मखमलीच्या खाचांत बसवलेली. मापारीपणाच्या काळातली. घरातल्या कुठल्या मुलाला त्या पेटीला हात लावायची मुभा नव्हती असे भगिनीने आम्हाला मागाहून सांगितले. त्यांनी ती नातवापुढे ठेवली. 'मोजमापच करायचं तर नीट कर,' एवढेच म्हणाले.

चिरलेल्या चाकाला चिकटवण्यात अर्थ नसतो. हे प्लॅस्टिक जात्याच निसरडे असते, कुठलाही डिंक त्याला धरत नाही. नवेच घालावे लागते. असे चाक कारंज्यात नाही, अकोल्यातही नाही. मापाचा कागद शारजाला गेला. दोन दातेरी चाकांची पुडी एका पाहुण्याच्या सामानातून आली तोवर दोन महिने गेले. मधल्या काळात इंजिन खोक्यात न ठेवता कपाटात, सगळ्यांना दिसेल असे ठेवायला आम्ही सांगितले होते.

दुसऱ्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा मुलाने बोगी आधीच उघडून ठेवली होती. दांडे सरळ दाबत, मधूनमधून अंतर मोजत, १४.४ वर आणून थांबलो. हातात फिरवून चाक डगमगते का ते पाहिले. पुडीतले दुसरे चाक शेजारच्या ॲक्सलला घातले, कारण तिथेही भिंगातून एक पुसट रेघ दिसत होती. मग इंजिन गोलाकार रुळावर मध्यम वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, डब्यांविना फिरवत ठेवले. नव्या दातांना जुन्या दातांशी जुळवून घ्यायला एवढा वेळ द्यावा लागतो. तो अर्धा तास जेवणात गेला.

आता ओढशक्ती. इंजिनाचे वजन ३९० ग्रॅम भरले. आकड्याला दोरा बांधला, टेबलाच्या कडेला खिळ्यावर शिलाईचे रिकामे रीळ अडकवले, त्यावरून दोरा खाली सोडून टोकाला पिशवी लटकवली. दादाजान एकेक वजन पिशवीत टाकत गेले. ७० ग्रॅमला इंजिनाने पिशवी उचलली. ९० ला चाके जागच्या जागी घसरली. ही घसरण चांगली खूण आहे. भार जास्त झाला तर चाके घसरावीत, मोटर अडकून बसू नये. अडकलेली मोटर तापते आणि जळते. धातूच्या चाकांचे इंजिन आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे ओढते, त्या हिशेबाने हे इंजिन चोख होते. मुलाला घराच्या पायरीवरून ओसरीत चढ द्यायचा आहे, शंभराला तीन. इंजिन आणि दोन डबे मिळून ६३० ग्रॅम. चढासाठी वजनाचा शंभरात तीनवा भाग, म्हणजे १९ ग्रॅम ओढ जास्त लागेल. सत्तर आहे. चढेल.

डब्यांचे आकडे एका उंचीवर आणले, दिव्याची एक सुटलेली तार डागली. हे दहा मिनिटांचे काम. ज्यांच्याकडे आज्ञा घेणारी चिप बसवलेली नवी इंजिने आहेत त्यांना यापुढची एक सोय असते. सुरुवातीचा व्होल्टेज, मधला आणि सर्वांत जास्त वेग, सुटण्याची आणि थांबण्याची संथपणा, हे सगळे आकडे टाकून ठरवता येते. पण चिप हा दुसरा टप्पा. आत गालिचा अडकलेला असेल तर चिप काय करणार? पुण्याला जाणे झाले तर मुलांना कोथरूडचे लघुरेल्वे संग्रहालय दाखवावे. भाऊ जोशी यांनी ते उभे केले, १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे, आणि तिथल्या गाड्या याच १:८७ मापाच्या आहेत. एकाच वेळी अनेक गाड्या न अडखळता धावताना दिसतात. त्यामागे रोजची चाके-रूळ पुसण्याची किती मेहनत असेल हे या लेखानंतर वाचकांच्या लक्षात येईल.

तिसरे पान. इंजिन हलले २.३ व्होल्टला. टक नाही. मुलाने बटण अगदी कणाकणाने फिरवले, बहिणीने खुणेवर 'सुरू' म्हटले, आणि सगळी ओसरी गप्प झाली. साडेसोळा सेकंद. ताशी एकोणीस.

दादाजान काही वेळ इंजिनाकडे पाहत होते. मग त्यांनी नातवाला सांगितले की रस्त्याचे फाटक आले की गाडी अलीकडे थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की पुन्हा उघडायचा, आणि तोवर लोक उतरून पाय मोकळे करायचे. पोराने लगेच काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचे फाटक केले. आता इंजिन फाटकाच्या अलीकडे चार बोटांवर थांबायला हवे होते. या चालीला वीज तोडली की फ्लायव्हीलच्या जोरावर ते किती सरकते ते मोजले : दोन सेंटिमीटरच्या आत. म्हणजे बटण कुठे बंद करायचे तेही ठरले आणि रुळाशेजारी खडूने खूण झाली.

एक गोष्ट त्याला आम्ही सांगितली आहे. हे इंजिन रुंद रुळांचे आहे, शकुंतलेचे नव्हे. ७६२ ला ८७ ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात नऊ मिलिमीटर रुंदीचे रूळ मिळतात, ते त्याला अगदी जवळचे. त्यावर चालणारा लहान सांगाडा घेऊन वरचे कवच पुठ्ठ्याचे स्वतः केले तर शकुंतलेचे डिझेल इंजिन घरी होऊ शकते. रंग आणि खिडक्या सांगायला दादाजान आहेत. त्यांच्यात आता डब्यांच्या रंगावरून वाद चालला आहे असे कळते.

अब्बूंना काय सांगायचे, याचे उत्तर आम्हाला द्यावे लागले नाही. मुलाने तिन्ही पानांचा फोटो स्वतःच शारजाला पाठवला, काळ्या मण्यासकट. रात्री फोन आला आणि तो पाऊण तास बोलला. तिकडून विचारणा आहे की दातेरी चाकांची आणखी पुडी पाठवू का. जरूर पाठवावी. दोन चाके नवी झाली, उरलेली चार त्याच जुन्या वयाची आहेत.